सरकारने टोपी घातली

थंडीत माणसाने शक्यतो कुणाला शब्द देऊ नये. दात वाजत असतात, तोंडातून वाफ निघत असते आणि त्या वाफेबरोबर एखादा शब्दही निसटून जातो. उन्हाळ्यात निदान बोलण्याआधी घाम पुसावा लागतो, तेवढीच विचाराला सवड मिळते. सरकारला ती सवड मिळाली नाही.

हे सरकार म्हणजे कर वसूल करणारं सरकार नव्हे. दुसऱ्या मजल्यावर राहणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी. बोलायला लागल्यापासून ती घरात हुकूम सोडत आली, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं पक्कं बसलं, की खरं नाव फक्त परीक्षेच्या हॉलतिकिटावर उरलं. घरात सरकारचा उल्लेख नपुंसकलिंगातच व्हायचा. 'सरकार उठलं का?', 'सरकार रुसलंय', 'अंघोळीच्या प्रश्नावर सरकार अखेर झुकलं' असं चालायचं. बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. खऱ्या सरकारला जन्मभर 'होय साहेब' म्हणून झाल्यावर साठलेलं सगळं ते या सरकारवर काढत असत. सरकारलाही ते मनातून आवडायचं, पण तसं कबूल करणं सरकारी इभ्रतीला शोभलं नसतं.

तर त्या सकाळी सरकार पहिल्या तासाला निघालं होतं. गल्लीत धुकं होतं आणि धुक्यातून खर्र खर्र असा झाडूचा आवाज येत होता. झाडू मारणाऱ्या मावशी जवळ आल्या तेव्हा सरकारने पाहिलं, की त्यांनी डोक्यावरून पावाची प्लास्टिकची पिशवी ओढून हनुवटीखाली गाठ मारली होती. वारा आला की पिशवी फडफडायची.

"मावशी, हे काय बांधलंय डोक्याला?"

"कान दुखतात गं पोरी. वारा पार आत शिरतो."

"थांबा, मी तुम्हाला टोपी विणून देते!"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "एकटीला नको बाई. हजेरीच्या शेडवर आम्ही अकरा जणी. मी एकटी टोपीत मिरवायला लागले तर बाकीच्या माझ्याशी बोलणं टाकतील."

"मग अकरा देते!"

"बघ हं. देतो म्हणणारे आम्हाला पुष्कळ भेटलेत. पावसाळ्यात रेनकोट देतो म्हणाले, पावसाळा आला नि गेला."

"मी तसली नाही मावशी. माझा शब्द आहे!"

आपल्याला विणता येत नाही, हे सरकारला कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं. पण शब्द मागे घ्यायचा तर पुन्हा गल्लीत मागे जावं लागलं असतं, आणि मागे जाणं सरकारच्या स्वभावात नव्हतं.

कॉलेजात दर हिवाळ्यात समाजसेवेचा एक प्रकल्प करावा लागे. समाजसेवेचे सर अतिशय उत्साही होते आणि त्यांचा सगळा उत्साह रॅलीत होता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वच्छतेची रॅली काढली होती आणि रॅलीत वाटलेली स्वच्छतेची पत्रकं झाडायला मावशींना दुपारपर्यंत थांबावं लागलं होतं.

"टोप्या?" सर म्हणाले. "अगं, टोप्या विणताना फोटोत काय दिसणार? रॅलीत कसं, हात वर दिसतात."

"सर, मी शब्द दिलाय."

"शब्द काय, रॅलीतही देता येतो."

पण सरकार अडून बसलं. शेवटी सरांनी परवानगी दिली आणि बाकी वर्ग रॅलीकडे गेला. सरकारच्या बाजूला दोघंच उरली. एक बांबू, म्हणजे वर्गातला सर्वांत उंच मुलगा, जो कुठल्याही कामाला आधी हो म्हणून मग काम विचारायचा. दुसरी शंका. तिचं हे नाव कसं पडलं ते तिच्याशी पाच मिनिटं बोललं की कळे. "आपल्यापैकी विणता कुणाला येतं?" ही तिची पहिली शंका, आणि ती रास्त होती.

विणकामाचे वर्ग सरकारच्या घरी सुरू झाले. आई चांगलं विणत असे, पण सैल. वरच्या मजल्यावरच्या काकूही चांगलं विणत, पण घट्ट. दोघींच्या मैत्रीला आजवर या गोष्टीची झळ लागली नव्हती, कारण दोघींनी कधी एकच वस्तू विणायला घेतली नव्हती. आता आई संध्याकाळी टाके घालून द्यायची आणि काकू सकाळी येऊन, "हे काय, मासे धरायचेत का?" असं म्हणत ते उसवायच्या. दोन दिवस त्या दोघींत फक्त 'उलट' आणि 'सुलट' एवढेच शब्द बोलले गेले. सरकारची पहिली टोपी खालून आईच्या हाताची आणि वरून काकूंच्या हाताची झाली. ती किटलीवर अगदी बेतल्यासारखी बसली आणि अजून तिथेच आहे. दुसऱ्या टोपीत बांबू खांद्यापर्यंत मावला.

मग समोरच्या दाराचे काका आले. ते इमारतीचे सेक्रेटरी होते आणि सल्ला मागायला कुणी येईल याची वाट पाहण्याइतके निर्दय नव्हते.

"तुमचं मूळच चुकतंय," काका म्हणाले. "आधी डोक्याचं माप हवं. अकरा डोकी मोजत बसू नका. एक सरासरी डोकं घ्या आणि त्यावर काम करा."

"सरासरी डोकं कुठून आणायचं?" शंकेने विचारलं.

सगळ्यांची नजर बाबांकडे वळली. बाबांनी पेपर उंच धरला. तरी त्यांच्या डोक्याला टेप लागलीच आणि पुढे टोपीची प्रत्येक ओळ त्यांच्या कपाळावर ताडून पाहिली जाऊ लागली. बातम्या वाचताना मध्येच डोळ्यांवर लोकर येते, अशी त्यांची तक्रार होती. पण तिची दाद कुणाकडे मागायची? सरकारकडे?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण आली ती लोकरीची. घरातली लोकर शिकण्यातच संपली. तेव्हा सरकारने ठरवलं, की इमारतीतले जुने स्वेटर मागायचे आणि ते उसवून टोप्या करायच्या. त्यासाठी एक फलक लावायचा. मजकूर सरकारने स्वतः लिहिला. शाळेत मराठीत पहिला नंबर असायचा, त्याचा तिला थोडा माज होता. मोठ्या कागदावर, तीन रंगांत, वळणदार अक्षरात तिने लिहिलं:

'थंडी वाढते आहे! चला, या हिवाळ्यात आपण सगळे मिळून सफाई कामगार भगिनींना टोपी घालू या! आपले जुने स्वेटर आजच द्या!'

बाबा त्या वेळी कचेरीत होते. घरात असते तर त्यांनी वाचलं असतं आणि ही कथा इथेच संपली असती. शंकेने वाचलं, पण तिची शंका 'भगिनीं'वरच्या अनुस्वाराबद्दल होती. आई आणि काकू उलट-सुलट करत होत्या. बांबूने एक फलक इमारतीच्या फाटकाला लावला. मग त्याला वाटलं, की ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाही कळायला नको का? म्हणून दुसरा फलक त्याने मावशींच्या हजेरीच्या शेडवर लावला, चारही कोपऱ्यांना भरपूर गोंद लावून.

संध्याकाळी बाबा घरी आले ते जिन्यातूनच हसत. त्यांना दारात धड उभं राहता येईना.

"सरकार," ते डोळे पुसत म्हणाले, "टोपी घालणं आम्ही कचेरीत रोज बघतो. पण ती आधी नोटीस लावून, तीन रंगांत घालणारं सरकार पहिल्यांदा पाहिलं!"

सरकारचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. मराठीत एखाद्याला टोपी घालणं म्हणजे त्याला फसवणं, हे सरकारला अर्थातच ठाऊक होतं. परीक्षेत तिने त्याचा वाक्यात उपयोगही करून दाखवला होता. पण लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर मावशींचे कान होते, आणि कान समोर असताना माणसाला वाक्प्रचार सुचत नाहीत.

इमारतीत मात्र फलक फार गाजला. जो तो स्वेटर घेऊन वर आला, आणि स्वेटर ठेवून "मग, आज कुणाला टोपी?" असं विचारून गेला. एका विनोदाला एक स्वेटर असा भाव पडला. एका गृहस्थांना हाच विनोद दोनदा करायचा होता, म्हणून ते मफलरही देऊन गेले. सरकार मान खाली घालून सगळं घेत होतं. अपमान होत होता, पण लोकर येत होती.

शेडवर कुणी हसलं नाही. तिथे रेनकोटाची आठवण अजून ओली होती. दुसऱ्या दिवशी बायकांनी हजेरी लावली, पण काम बंद ठेवलं आणि गल्लीत झाडू वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वाळकी पानं, कागद आणि टरफलं वाऱ्याने गोळा होऊन इमारतीच्या पायऱ्यांशी आली. काकांनी पायरीवर उभं राहून तो ढीग पाहिला आणि सेक्रेटरी या नात्याने सगळ्यांना वॉर्ड ऑफिसात नेलं.

वॉर्ड ऑफिसात स्वच्छतेचे साहेब बसत. खोलीतला हीटर त्यांच्या टेबलाखाली होता, त्यामुळे समोर उभा राहणारा माणूस आपोआप थोडक्यात बोले. साहेबांच्या पुढ्यात तो फलक होता. बांबूच्या गोंदामुळे तो शेडवरून निघाला नव्हता, म्हणून पत्र्याच्या तुकड्यासकट कापून आणला होता.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो सर."

"आमच्या कर्मचाऱ्यांना तुम्ही टोपी घालणार."

"सर, लोकरीची."

साहेबांनी चष्मा काढला. "हे पाहा, या ऑफिसात मला बरीच वर्षं झाली. टोपी घालणार असं आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. लिहून द्यायची पद्धतच नाही."

"सर, पण आम्ही खरंच टोप्या..."

"तेही जमणार नाही. कर्मचाऱ्यांच्या गणवेशात टोपीचा उल्लेख नाही."

"उल्लेख नाही म्हणजे मनाईही नाही ना, सर?"

"उल्लेख नाही म्हणजे परवानगी नाही."

"पण त्या डोक्याला प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात! त्यांचा उल्लेख आहे का?"

"पिशवी हे वस्त्र नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "ते पॅकिंग आहे." सरकार काही बोलणार तेवढ्यात काकांनी त्याच्या पायावर पाय दिला.

शेवटी असं ठरलं, की सरकारने आधी खुलासा करायचा. जिथे फलक लावला तिथेच खुलासा लावायचा, लोकांचा गैरसमज दूर करायचा आणि मग टोप्यांचा विचार पुढे कधीतरी होईल. मजकूर साहेबांनी स्वतः सांगितला, कारण मुलांवर आता भरवसा नव्हता. तो असा होता: 'कळविण्यात येते की, सफाई कामगारांना टोपी घालण्याचा आमचा कोणताही हेतू नाही.'

शंका म्हणाली, "मला एक शंका आहे."

"आता नको," सरकार म्हणालं. आयुष्यात एकदाच तिचं ऐकायला हवं होतं, ते नेमकं तेव्हा.

खुलासा लागला. शेडवरच्या बायकांनी तो एकमेकींना वाचून दाखवला. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्यातली एक म्हणाली. "आधी म्हणाले घालू, आता म्हणतात घालणार नाही. गेल्या टोप्या! रेनकोटांच्या वाटेने गेल्या." बाकीच्या दहा जणी मावशींच्या भरवशावर टोप्यांची आशा धरून होत्या आणि आता त्यांच्याकडे बघत होत्या, तेव्हा मावशींनी खाली बघून हनुवटीखालची गाठ घट्ट केली. गल्लीतला ढीग पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढला.

त्या रविवारी घरात तिसऱ्या फलकाची बैठक बसली. बाबा इतके खुशीत होते, की त्यांनी बिनसांगता चहा केला.

"घालू हा शब्दच काढून टाका," काकू म्हणाल्या. "टोप्या चढवू म्हणा."

"चढवणं म्हणजे तेच," बाबा म्हणाले. "फक्त जिन्याने."

"टोप्या उडवू?" बांबूने सुचवलं. त्याच्या मनात रॅलीतल्यासारखं काहीतरी असावं.

"टोपी उडवणं म्हणजे टिंगल करणं. तेवढं करायचं राहिलंय!" सरकार म्हणालं.

"सगळीकडे टोप्या फिरवू?" बांबूने पुन्हा सुचवलं.

"टोपी फिरवणं म्हणजे पक्ष बदलणं," बाबा म्हणाले. "सरकार आधीच अल्पमतात आहे."

"मग टोपीच नको," शंका म्हणाली. "तुमचं डोकं गरम करू, असं लिहूया."

मग कानांकडून प्रयत्न झाला. पण कान धरणे, कान भरणे, कान उपटणे, कान टोचणे, यातलं कुठलंही अकरा संतापलेल्या बायकांना लेखी कळवण्याजोगं नव्हतं. मराठी भाषेने डोकं, कान आणि टोपी यांच्याभोवती एवढे सुरुंग पेरून ठेवलेत, हे त्या बैठकीत प्रथमच उघड झालं.

"भिंतीवर लिहिताच कशाला?" आई शेवटी म्हणाली. "तोंड आहे ना? जाऊन माफी माग."

पण सरकारला मावशींसमोर जायची लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस साधी गोष्ट सोडून मोठी गोष्ट करायला निघतो. बोलून नको, आपण करूनच दाखवू, असं तिने ठरवलं. गल्ली झाडली गेलेली नाही ना? मग आपण झाडू. मावशींना कळेल, की यांच्या मनात खोट नाही.

सोमवारी सकाळी तिघं झाडू घेऊन गल्लीत उतरली. बांबूला झाडू पुरेना, तेव्हा तो गुडघ्यांवर बसून झाडू लागला. वारा कुठल्या बाजूचा आहे ही शंकेची शंका तिघांनाही फालतू वाटली, म्हणून पहिला सगळा ढीग काकांच्या स्कूटरवर गेला आणि दुसरा काकांवर. काकांनी संतापून समाजसेवेच्या सरांना फोन केला. सर धावत आले, आणि रागावायच्या ऐवजी त्यांनी मोबाइल काढला. "हा झाला खरा प्रकल्प! झाडू जरा वर धरा!" तिघांनी झाडू वर धरले. त्याच क्षणी कोपऱ्यावर मावशी येऊन उभ्या राहिल्या. मागे शेडवरच्या आणखी दोघी होत्या.

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

"छान," त्या म्हणाल्या. "आमचं काम बंद, तर तुम्ही हजर. उद्या साहेब म्हणतील, पोरं फुकटात झाडतायत, मग या बायका कशाला हव्यात? आमच्या पोटावर पाय द्यायचं शिकवतात का तुमच्या कॉलेजात?"

"मावशी, तसं नाही हो! मला फक्त..."

"तू शब्द दिला होतास ना? तो ठेव आता तुझ्यापाशीच. आम्हाला नको."

त्या परत फिरल्या. पिशवीची फडफड कोपऱ्यापलीकडे गेली तरी सरकार झाडू वर धरून उभंच होतं. बांबूने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. सरकारच्या रडण्यात नेहमी हुंदक्यांपेक्षा हुकूमच जास्त असत. आज हुकूम एकही नव्हता. तिला मनापासून वाईट वाटत होतं. आपलं हसं झालं याचं आता तिला काही वाटत नव्हतं. मावशींनी आपल्या भरवशावर बाकीच्या दहा जणींना टोप्यांचं सांगितलं होतं आणि आपण त्यांनाच अकरा जणींत खोटं पाडलं, हे तिला सहन होत नव्हतं.

"सरकार कोसळलं," बाबा दारातून म्हणाले. आईने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की पुढचा विनोद त्यांच्या घशातच राहिला. मग ते आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले आणि उसवलेल्या लोकरीचं एक भेंडोळं त्यांनी आपल्या दोन्ही हातांत अडकवलं.

"चल, गुंडाळ," ते म्हणाले.

सरकारने नाक पुसलं आणि गुंडा करायला घेतला. हेडक्लार्कचे दोन्ही हात अडकलेले होते, त्यामुळे त्यांना पेपर धरता येईना, चष्मा सावरता येईना, की नाक खाजवता येईना.

"त्या घेणार नाहीत, सरकार," ते हळूच म्हणाले.

"नको घेऊ देत. देईन असं मी म्हटलं होतं. घेऊ असं त्या कुठे म्हणाल्या होत्या?"

बाबांनी यावर बराच विचार केला. कचेरीतल्या इतक्या वर्षांत इतका बिनतोड मुद्दा त्यांच्या टेबलावर आला नव्हता.

मग सगळे हात कामाला लागले. सरकार तासाला बाकाखाली विणायचं, बसमध्ये उभ्याने विणायचं, जेवताना डाव्या हाताने टाके मोजायचं. आई आणि काकूंनी तह केला: आईने कानांकडची बाजू विणायची, काकूंनी कपाळाकडची. बांबूच्या लांब बोटांना सुया अशा काही मानवल्या, की त्याच्या टोप्या काकूंनी उलटसुलट करून पाहिल्या आणि काही न बोलता बाजूला ठेवल्या. काकूंकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती. काकाही आले, स्कूटर पुसून झाल्यावर. त्यांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात आईने त्यांच्या हातांत लोकर अडकवली. टोप्या रंगीबेरंगी झाल्या, कारण स्वेटर तसेच होते. एकीवर तर कुणाच्या तरी लहानपणच्या स्वेटरवरचं अर्धं बदक उतरलं.

एका बोचऱ्या सकाळी तिघं पिशवी घेऊन शेडवर गेली. हजेरी चालू होती. अकरा जणी रांगेत उभ्या होत्या आणि नेमके स्वच्छतेचे साहेबही काम बंदची चौकशी करायला आले होते. त्यांच्या गळ्यात मफलर होता, कानांवरून घेऊन दोन वेढे.

सरकारने भाषण पाठ केलं होतं. ते तोंडातून वाफ होऊन निघून गेलं.

"मावशी," ती म्हणाली, "मी चुकले. फलक लिहिताना चुकले आणि खुलासा लावताना जास्त चुकले. आणि झाडू हातात घेतला ते सगळ्यांत वाईट केलं. तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं, ते माझ्यामुळे. या टोप्या आहेत. घ्या म्हणत नाही. मी ठेवून जाते."

तिने पिशवी बाकावर ठेवली. रांग हलली नाही. मावशी हातातल्या झाडूकडे बघत होत्या.

"ठेवून जाता येणार नाही," साहेब म्हणाले. "मी सांगितलं होतं, गणवेशात टोपीचा उल्लेख नाही. कुणी घातलेली दिसली तर कारवाई करावी लागेल. उचला ते."

सरकार वाकलं नाही. ती म्हणाली, "मी दिलंय सर. दिलेलं मी उचलत नाही."

तेव्हा मावशींनी मान वर केली.

"साहेब, रेनकोटाचा उल्लेख आहे का हो?"

"आहे ना."

"मग तो कुठाय?"

साहेबांनी मफलर सारखा केला.

"म्हणजे ज्याचा उल्लेख आहे ते मिळत नाही," मावशी म्हणाल्या, "आणि मिळतंय त्याचा उल्लेख नाही." त्यांनी हनुवटीखालची गाठ सोडली, प्लास्टिकची पिशवी काढून साहेबांच्या हातात दिली, बाकावरच्या पिशवीत हात घातला आणि हाताला लागली ती टोपी डोक्यावर ओढली. "नीट बघून घ्या. ही मला कुणी घातलेली नाही. माझी मी घातलीय. लिहा काय लिहायचंय ते."

मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. अर्ध्या बदकावरून दोघींची थोडी ओढाताणही झाली. साहेब हातातल्या पावाच्या पिशवीकडे आणि अकरा टोप्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. "धुकं फार आहे आज," ते अखेर म्हणाले. "मला इथून काही नीट दिसत नाही." आणि त्यांनी सगळ्या प्रकरणावर पांघरूण घातलं. त्या सकाळी ज्याला जे जमलं, ते त्याने घातलं.

गल्लीत पुन्हा झाडू वाजू लागला. बांबू आणि शंका कॉलेजला गेली. सरकार मावशींच्या मागे मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. तिथे मावशी थांबल्या. त्यांनी झाडू टेकवला आणि डोक्यावरची टोपी चाचपली.

"ही कुणी विणली गं?"

"मी."

"वाटलंच मला! अगं, हा कान झाकला की तो उघडा पडतो. तो ओढला की हा बाहेर. मी काय एकाच कानाने थंडी सोसू? आणि हे वर भोक कशाला? डोक्यातली वाफ जायला? एवढी शिकलेली तू, दोन कान असतात माणसाला हे ठाऊक नाही होय? माझ्या सुनेने असं काही केलं असतं ना, तर चार दिवस ऐकवलं असतं तिला!"

सरकार ऐकत होतं आणि त्याचे डोळे भरून येत होते. परक्या पोरीला कुणी इतकं घालूनपाडून बोलत नाही. इतकं फक्त आपल्या माणसाला बोलतात.

"द्या मावशी. उद्या नीट करून आणते."

"आणते म्हणू नकोस!" मावशींनी टोपी काढून तिच्या हातात कोंबली आणि त्या फुटपाथच्या कडेला, दोन्ही कानांवर हात दाबून बसल्या. "इथे बस, माझ्यासमोर. आत्ता कर. मी थांबते."

पहिला तास केव्हाच सुरू झाला होता. सरकारने दप्तरातून सुया काढल्या, मावशींना खेटून फुटपाथवर बसकण मारली, आणि सरकार कामाला लागलं.